सांगलीत नवीन गाडी घेताना कोटेशनमधील नेमक्या कोणत्या रकमेवर घासाघीस करावी?

विश्रामबागकर (सांगली)

नमस्कार. मी सांगलीतील एका माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. अकरा वर्षे वापरलेली छोटी गाडी देऊन ११९७ सीसीची नवीन पेट्रोल गाडी घ्यावी, असे घरात ठरले आहे, आणि ती दसऱ्याला दारात यावी, असा आईचा आग्रह आहे. गेल्या आठवड्यात शोरूममधून मिळालेले कोटेशन असे आहे: एक्स-शोरूम किंमत ८,४९,०००, आरटीओ १,०४,५००, विमा ४७,८००, हँडलिंग ७,५००, अ‍ॅक्सेसरीज २४,०००, वाढीव वॉरंटी १६,२०० आणि फास्टॅग ५००, म्हणजे ऑन-रोड १०,४९,५०० रुपये. यावर वीस हजारांची रोख सूट आणि जुनी गाडी त्यांनाच दिल्यास पंधरा हजारांचा एक्स्चेंज बोनस आहे. जुन्या गाडीचे ते १,६०,००० रुपये देतात, तर आमचा नेहमीचा मेकॅनिक १,९५,००० रुपये देणारे गिऱ्हाईक आहे म्हणतो. कर्ज सात लाखांचे, पाच वर्षांसाठी, ‘फक्त सात टक्क्यांनी’ तिथल्या तिथे करून देतो, असेही त्यांनी सांगितले.

मी भाव करायचा प्रयत्न केला तेव्हा विक्री प्रतिनिधीने अत्यंत नम्रपणे सांगितले की एक्स-शोरूम किंमत कंपनी ठरवते आणि कर सरकार ठरवते, त्यामुळे आमच्या हातात काहीच नाही, फार तर मॅट आणि सीट कव्हर फुकट देतो. हे ऐकून मी निरुत्तर झालो, पण समाधान झाले नाही. यात खरोखर सोडवून घेण्यासारखे काय आहे आणि कशासाठी वाद घालणे व्यर्थ आहे, हे जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

हिशेबनीस (मिरज)

सर, त्या प्रतिनिधीने सांगितले ते खोटे नाही, पण त्याने आपल्या कोटेशनमधल्या पहिल्या दोन ओळींविषयीच सांगितले आणि खालच्या पाच ओळींविषयी मौन पाळले. भाव एकूण रकमेवर केला की विक्रेता एका हाताने देतो आणि दुसऱ्या हाताने घेतो, म्हणून प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे तपासावी.

आरटीओची ओळ आधी पाहू. दहा लाखांच्या आतील पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात ११ टक्के एकरकमी कर आहे, म्हणजे आपल्या गाडीला ९३,३९० रुपये. नोंदणी शुल्क ६००, कर्जाचा बोजा चढवण्याचे १,५०० आणि स्मार्ट कार्डाचे २०० रुपये धरले, वर किरकोळ उपकर आणि टपाल धरले, तरी रक्कम अठ्ठ्याण्णव हजारांच्या आसपास थांबायला हवी. कोटेशनमधील उरलेले साडेसहा हजार कशाचे, असे शांतपणे विचारा. बहुधा ‘पासिंगचा खर्च’ किंवा ‘एजंटचे’ असे उत्तर येईल. त्यावर आपले म्हणणे एवढेच असावे की परिवहन खात्याच्या ‘वाहन’ पोर्टलवरची पावती जेवढ्या रकमेची निघेल तेवढेच पैसे मी या ओळीखाली देईन. ही पावती आपल्या गाडीच्या नावाने निघते, त्यामुळे ती दाखवायला कोणी नकार देण्याचे कारण नाही. हँडलिंगचे साडेसात हजार मात्र सरळ काढून टाकायला सांगा, कारण गोदामातून शोरूमपर्यंत गाडी आणणे हा विक्रेत्याच्या धंद्याचाच खर्च आहे आणि त्याची कोणतीही सरकारी पावती आपल्याला मिळणार नाही.

खरा पैसा विम्याच्या ओळीत आहे, आणि तिथेच बहुतेक जण मान डोलावून पुढे जातात. नवीन गाडीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा बंधनकारक आहे. १००० ते १५०० सीसीच्या गाडीसाठी त्याचा हप्ता २०२२ च्या अधिसूचनेप्रमाणे १०,६४० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे सुमारे साडेबारा हजार होतो आणि तो सर्व कंपन्यांचा सारखाच असतो. आपल्या ४७,८०० मधील उरलेले पस्तीस हजार स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा एक वर्षाचा विमा आणि त्यावरील जोड संरक्षणे यांचे आहेत, आणि ही रक्कम कंपनीगणिक बदलते. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे, असे बंधन नाही. बाहेरून दोन कोटेशने आणा, मात्र तुलना करताना विमा घोषित मूल्य, म्हणजे आयडीव्ही (गाडी पूर्ण निकामी झाल्यास मिळणारी रक्कम), सारखेच आहे ना हे पाहा. नव्या गाडीचे आयडीव्ही एक्स-शोरूम किमतीच्या ९५ टक्के असते. ते गुपचूप खाली आणून हप्ता स्वस्त दाखवणारे महाभागही असतात.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याला कोणी आपणहून सांगणार नाही. जुन्या गाडीवर सलग पाच वर्षे दावा केलेला नसेल तर आपला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, ५० टक्के झालेला असणार. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. जुनी गाडी विकल्याचा पुरावा देऊन विमा कंपनीकडून बोनसचे पत्र घ्यावे आणि नव्या गाडीच्या विम्यात तो वळता करून घ्यावा, म्हणजे स्वतःच्या नुकसानीच्या मूळ हप्त्यात निम्मी घट होते. आपल्या कोटेशनमध्ये तो धरलेला दिसत नाही. मॅट आणि सीट कव्हरच्या आनंदात हे निसटू देऊ नका.

विम्यातली एक गोष्ट मात्र वाचवायला जाऊ नये. सांगलीत कृष्णेवरील आयर्विन पुलाची धोका पातळी ४५ फूट आहे, आणि २०१९ व २०२१ च्या महापुरांत पाणी तिच्या कितीतरी वर गेले, हे आपणा सर्वांना आठवत असेलच. पाण्यात बुडालेली गाडी चालू करायचा प्रयत्न केल्याने इंजिन बिघडले तर साधा विमा बहुधा हात वर करतो. त्यासाठी इंजिन संरक्षण वेगळे घ्यावे लागते, आणि कृष्णेकाठी राहणाऱ्याने ते पहिल्या वर्षापासूनच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कर्जाविषयी थोडक्यात सांगतो. सात टक्के हा ‘फ्लॅट’ दर, म्हणजे फेड होत गेली तरी शेवटपर्यंत पूर्ण सात लाखांवर व्याज लावणारा दर, आहे का, हे लेखी विचारा. तसा असेल तर पाच वर्षांचे व्याज २,४५,००० रुपये आणि हप्ता १५,७५० रुपये होतो, आणि घटत्या शिलकीच्या हिशेबाने हा दर साधारण साडेबारा टक्के पडतो. बँकेने घटत्या शिलकीवर नऊ टक्क्यांनी कर्ज दिले तर हप्ता १४,५३१ रुपये येईल. म्हणजे ‘नऊ टक्क्यांचे’ कर्ज ‘सात टक्क्यांच्या’ कर्जापेक्षा त्र्याहत्तर हजारांनी स्वस्त आहे. आपल्या शिक्षकांच्या पतसंस्थेचा दरही एकदा विचारून पाहा.

पूर्वीचा सेल्समन (कराड)

मी सहा वर्षे शोरूममध्ये नोकरी केली, आता शेती करतो, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो. मिरजेच्या साहेबांचा हिशेब योग्य आहे, पण हा हिशेब कोणासमोर आणि केव्हा मांडायचा, यालाही महत्त्व आहे.

टेबलापलीकडे बसलेल्या मुलाच्या हातात फार थोडी सूट असते. त्यापुढचा निर्णय विक्री व्यवस्थापकाचा असतो. म्हणून त्या मुलाशी हुज्जत घालून उपयोग नाही. सगळी तयारी करून ‘एवढ्यावर होत असेल तर आज बुकिंग करतो’ असा एकच आकडा त्याच्या हाती द्यावा, म्हणजे तो आत जाऊन आपल्या वतीने भांडतो. महिन्याच्या २५ तारखेनंतर त्याच्या लक्ष्यातल्या एक-दोन गाड्या कमी असतील तर तो हे भांडण मनापासून करतो, आणि तिमाहीचा शेवट असेल तर व्यवस्थापकही ऐकतो.

दसऱ्याला गाडी हवी म्हणून दसऱ्याच्या आठवड्यात भाव करायला जाऊ नका. त्या दिवसांत शोरूममध्ये हारतुऱ्यांसाठी रांग असते, त्यामुळे सूट द्यायची गरज कोणालाच वाटत नाही. पितृपक्षात मात्र आपल्याकडे लोक नवी खरेदी टाळतात आणि शोरूम ओस पडते. आईंची हरकत नसेल तर पितृपक्षात भाव पक्का करून बुकिंग करावे आणि गाडी दसऱ्याला घरी आणावी. हरकत असेल तर निदान बोलणी तेव्हा करावीत, पैसे घटस्थापनेला भरावेत. बुकिंगच्या पावतीवर सहसा ‘वितरणाच्या दिवशीची किंमत लागू’ असे छापलेले असते. त्यामुळे ठरलेली सूट, फुकट वस्तूंची नावे आणि बुकिंग रद्द झाल्यास परत मिळणारी रक्कम शिक्क्यानिशी लिहून घ्या. तोंडी वचन देणारा मुलगा दोन महिन्यांनी दुसऱ्या शोरूममध्ये असतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

त्याच कंपनीच्या कोल्हापूर किंवा कराड येथील विक्रेत्याचे लेखी कोटेशन सोबत असेल तर बोलणे फार सोपे होते. सांगलीहून कोल्हापूर पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे, एक दुपार त्यासाठी द्यायला हरकत नाही. तिथूनच गाडी घ्यायची वेळ आली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४० मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार राज्यातील कोणत्याही नोंदणी कार्यालयात नोंदणी करता येते. एमएच १० ऐवजी एमएच ०९ क्रमांक आला तर काही बिघडत नाही. काहींना तो अभिमानाचा प्रश्न वाटतो, तो भाग वेगळा.

आणि अ‍ॅक्सेसरीजच्या २४,००० विषयी: तो संच घेतल्याशिवाय गाडी मिळणार नाही, असे कोणी सांगितले तर ते ऐकून सोडून द्या. मात्र पैसे वाचवण्यासाठी बाहेर वायरिंग कापून दिवे किंवा म्युझिक सिस्टीम बसवू नका, कारण पुढे विजेचा बिघाड झाला की वॉरंटी नाकारायला आयतेच निमित्त मिळते.

विश्रामबागकर (सांगली)

आपण दोघांनी इतके सविस्तर लिहिले, याबद्दल मनापासून आभार. शाळेतील आठवीच्या मुलांना व्याजाची उदाहरणे शिकवणाऱ्या माणसाने फ्लॅट दराला फसावे, ही गोष्ट स्टाफरूममध्ये सांगण्याजोगी नाही. दोन शंका उरल्या आहेत. जुनी गाडी कोणाला द्यावी, आणि पूर्ण पैसे भरण्यापूर्वी नव्या गाडीत काय पाहावे?

कोरेगावची ताई (सातारा)

सर, आपल्याच आकड्यांनी पहिल्या शंकेचे उत्तर दिले आहे. शोरूमचे १,६०,००० आणि बोनसचे १५,००० मिळून १,७५,००० होतात, म्हणजे मेकॅनिकच्या गिऱ्हाइकापेक्षा वीस हजारांनी कमी. तरीही मी माझी गाडी गेल्या वर्षी शोरूमलाच दिली, कारण बाहेरच्या माणसाने आरसी बुकावर नाव चढवून घेण्यास वर्ष लावले असते तर त्याच्या दंडाच्या आणि अपघाताच्या नोटिसा माझ्या घरी आल्या असत्या. आपले गिऱ्हाईक ओळखीचे असेल आणि फॉर्म २९ व ३० वर सह्या होऊन नाव बदलेपर्यंत काही रक्कम राखून ठेवता येत असेल तर खुशाल बाहेर द्या. शोरूमला दिली तरी नुसत्या विश्वासावर किल्ली देऊ नका. अधिकृत जुनी वाहने घेणाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून फॉर्म २९सीची, म्हणजे गाडी त्यांच्या ताब्यात दिल्याच्या सूचनेची, तरतूद आहे. ती सूचना पोर्टलवर गेली की गाडीची जबाबदारी त्यांच्याकडे जाते. एक मधला मार्गही विचारून पाहा: काही योजनांत गाडी बाहेर विकून नाव बदलल्याचा पुरावा दिला तरी एक्स्चेंज बोनस मिळतो.

नवी गाडी नोंदणीपूर्वीच, शक्यतो उजेडात, पाहावी. एकदा आपल्या नावावर पासिंग झाले की गाडी बदलून मागणे अतिशय अवघड होते. फॉर्म २२ (गाडीसोबतचे कंपनीचे प्रमाणपत्र) आणि चासी क्रमांकावरून उत्पादनाचा महिना विचारा आणि टायरवरील चार अंकी क्रमांकाशी ताडून पाहा. त्यात पहिले दोन अंक आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे असतात. टायर गाडीपेक्षा महिना-दोन महिने जुने असणे स्वाभाविक आहे, पण गाडीच सात-आठ महिने गोदामात उभी असेल तर तेवढ्यावरून आणखी सूट मागण्याचा आपला हक्क आहे, आणि ती सहसा मिळते. मला दाखवलेल्या गाडीच्या मागच्या दाराचा रंग किंचित वेगळा होता. मी दुसरी गाडी मागितली आणि त्यांनी चार दिवसांत ती आणून दिली. पैसे भरून झाले असते तर ते चार दिवस किती लांबले असते, ते सांगता येत नाही.

पैसे मात्र धनादेशाने किंवा आरटीजीएसने, शोरूमच्या नावेच भरा. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख रक्कम त्यांना आयकर कायद्याने घेताच येत नाही.