मांस पैशांवर, डबे पॉइंटांवर

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये रेशनचं कूपन दाखवलं की कुठल्याही दुकानात माल मिळायचा, असं काहींना वाटतं. तसं नव्हतं. ८ जानेवारी १९४० ला बेकन, लोणी आणि साखरेचं रेशनिंग सुरू झालं, पण त्याआधीच घरोघरी ठरावीक दुकानदाराकडे नाव नोंदवावं लागलं होतं. मग त्याच्याशी गोडीगुलाबीनं वागणं आलंच!

मला खरी गंमत मांसाची वाटते. ते वजनावर नव्हे, किमतीवर मिळे. सुरुवातीला मोठ्या माणसाला आठवड्याला १ शिलिंग १० पेन्सचं. म्हणजे भारी तुकडा घेतला की एका जेवणात खेळ खलास. तेवढ्याच पैशांत स्वस्तातला, चिवट तुकडा जास्त येई. मंद आचेवर रटरटत ठेवायचा आणि पुरवून पुरवून खायचा. कलेजी, गुर्दा रेशनबाहेर, अर्थात मिळाले तर.

डिसेंबर १९४१ पासून डबाबंद मालाला पैशांबरोबर रेशनचे पॉइंटही मोजावे लागले; ते माणशी चार आठवड्यांना १६ मिळत. हे मात्र कुठल्याही दुकानात चालत. एखाद्या वस्तूची टंचाई झाली की तिचे पॉइंट वाढत, त्यामुळे बाईला पैशांचा आणि पॉइंटांचा असा दुहेरी हिशेब डोक्यात ठेवावा लागे.

आणि पावाचं म्हणाल तर युद्धभर तो मोकळा होता. त्यावर रेशन आलं १९४६ मध्ये, युद्ध संपल्यावर!