मदत हवी आहे: काताकाना या जपानी लिपीतील नाव जुळत नसल्यामुळे जुन्या वस्तूंच्या विक्रीचे पैसे अडकले आहेत, २४ मार्चला जपान सोडायचे आहे

नमस्कार.

आम्ही २०१९ पासून तोक्योतील निशिकासाई येथे राहतो. पतींची इथली नोकरी संपत असल्यामुळे २४ मार्चला आम्ही कायमचे पुण्याला परतणार आहोत. घर रिकामे करायचे म्हणून डिसेंबरपासून मी थंडीचे कोट, मुलाची पुस्तके, भाताचा कुकर, टेबल-दिवे अशा घरातल्या वस्तू एका फ्रीमा ॲपवर (जुन्या वस्तू थेट एकमेकांना विकण्याच्या ॲपवर) विकत आहे. आतापर्यंत १७ वस्तू गेल्या. त्यांचे १८,६४० येन ॲपच्या शिल्लक रकमेत दिसतात, पण बँकेत वळते करण्याची विनंती दोनदा परत आली आणि दोन्ही वेळा खातेदाराचे नाव जुळत नसल्याचे कारण दिले गेले.

अडचण नेमकी कुठे आहे, ते थोडे सविस्तर सांगते, कारण आपल्यापैकी अनेकांना ती येऊ शकेल. झाइर्यू कार्डावर, म्हणजे परदेशी रहिवाशांच्या ओळखपत्रावर, माझे नाव पासपोर्टप्रमाणे रोमन लिपीत आहे: आधी आडनाव, मग माझे नाव आणि त्याला जोडून पतींचे नाव. बँकेत खाते उघडताना तिथल्या कर्मचाऱ्यांनी ते काताकानात लिहून घेतले. आमचे आडनाव क्षीरसागर. ‘क्षी’साठी काताकानात एक अक्षर नसल्यामुळे पासबुकावर ते ‘कुशिरुसागारु’ असे ऱ्हस्व उमटले, आणि रकान्यात जागा न उरल्याने पतींचे नाव अर्धेच राहिले. ॲपवर नोंदणी करताना मी मात्र उच्चाराला जवळचे म्हणून दीर्घ स्वराची आडवी रेघ देऊन ‘कुशीरुसागारु’ लिहिले आणि तिन्ही नावे पूर्ण दिली. ओळखपडताळणीही त्याच नावावर झाली. त्यामुळे आता ॲपमधील नाव मला स्वतःहून बदलता येत नाही. ॲपच्या मदतकक्षाकडून बँकेतील नाव दुरुस्त करून घेण्याचे उत्तर येते, तर बँकेच्या शाखेत आमची नोंद योग्य असल्याचे सांगितले जाते. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर असेल, पण मधे आमचे दिवस चालले आहेत.

वेळेची काळजी अधिक आहे. देश सोडत असल्याची नोंद कुयाकुशोत (वॉर्डच्या कार्यालयात) प्रस्थानाच्या आधीच्या १४ दिवसांत करता येते, आणि विमानतळावर झाइर्यू कार्ड परत द्यावे लागते. एकदा कार्ड आणि इथला फोन क्रमांक गेला की ओळख पटवण्याचे साधनच हातात राहणार नाही. शिवाय ग्राहकाने वस्तू मिळाल्याचे मूल्यांकन दिल्यावरच रक्कम विक्रेत्याच्या नावे जमा होते, म्हणून शेवटची वस्तू किती दिवस आधी पाठवावी, हाही प्रश्न आहे. मी १० मार्चनंतर नवीन काही विक्रीला ठेवायचे नाही असे ठरवले आहे. ते पुरेसे आहे का?

ज्यांनी हे निस्तरले आहे त्यांना माझा मुख्य प्रश्न असा आहे की, बँकेत काताकाना नाव बदलून घेणे सोपे गेले, की ॲपकडे कार्डाचे आणि पासबुकाचे छायाचित्र पाठवून नोंद बदलून घेणे? बँकेत जाताना कार्डाखेरीज कोणते कागद नेले होते? काही ॲपवर शिल्लक रक्कम थेट दुकानात खर्च करता येते, हे मला माहीत आहे, पण मुलाच्या विमानप्रवासाच्या खर्चाला हे पैसे धरलेले असल्यामुळे ते खात्यात येणे मला आवश्यक आहे.

दुसरा प्रश्न परवानगीचा आहे. माझा व्हिसा काझोकु ताइझाई म्हणजे कुटुंबनिवासाचा आहे. स्वतःच्या वापरातील कपडे, भांडी, फर्निचर विकणे हा व्यवसाय धरला जात नाही आणि त्या पैशांवर प्राप्तिकरही लागत नाही, एवढे मी समजून घेतले आहे. ३ लाख येनहून अधिक किमतीचे दागिने किंवा कलावस्तू यांचा नियम वेगळा आहे, तशा वस्तू आमच्याकडे नाहीत. पण शेजारचे एक मराठी कुटुंबही एप्रिलमध्ये परतत आहे, आणि त्यांचे सामान मी माझ्या खात्यावरून विकून त्यातला काही भाग ठेवावा, असे त्या ताईंनी सुचवले. दुसऱ्याचे जुने सामान मोबदला घेऊन नियमितपणे विकायचे तर कोबुत्सुशोचा, म्हणजे जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याचा, परवाना लागतो, आणि माझ्या व्हिसावर कमाईच्या कामासाठी वेगळी अनुमतीही हवी. म्हणून मी त्यांना तूर्त नाही म्हटले आहे. त्यांनी स्वतःचे खाते उघडावे आणि मी फक्त जपानी वर्णन लिहून द्यावे, मोबदला काही घेऊ नये, असे केले तर चालेल ना? त्यांना दुखवायचे नाही, पण व्हिसाच्या बाबतीत जराही धोका नको.

फ्रिज आणि कपडे धुण्याचे यंत्र अजून घरातच आहे. ही दोन्ही सोदाइ गोमीत (मोठ्या आकाराच्या कचऱ्यात) घेतली जात नाहीत आणि २००१ पासूनच्या पुनर्वापर कायद्यानुसार टाकायचे पैसे आपल्यालाच भरावे लागतात, त्यामुळे जिमोती या स्थानिक देवाणघेवाणीच्या संकेतस्थळावर ती विनामूल्य देण्याची आमची तयारी आहे. मुलाची सायकल तिथेच, बोहान तोरोकु (चोरीविरोधी नोंदणी) रद्द करून, एका आजोबांना हातोहात दिली होती आणि तो व्यवहार फार छान झाला. एदोगावात, म्हणजे आमच्या वॉर्डात, किंवा जवळपास कोणाला ही यंत्रे हवी असतील तर व्यक्तिगत निरोप पाठवावा. २० मार्चपर्यंत ती आम्हालाही लागतील, त्यानंतर नेता येतील.