शॉवर दोनदा साफ केला, तरी महिनाभरात पुन्हा तेच. मदत हवी आहे

आळशी_मुंगी

मंडळी, प्रश्न तसा क्षुल्लक आहे, पण रोज अंघोळीच्या वेळी डोकं फिरतं म्हणून विचारते.

आमच्या बाथरूममध्ये भिंतीतून आलेल्या पाइपवर गोल शॉवर आहे. वरून चकचकीत मुलामा, तोंडाला करड्या रबराची बारीक टोकं. तीन वर्षं झाली लावून. गेले काही महिने अर्ध्या भोकांतून पाणीच येत नाही आणि उरलेली वाटेल तिकडे मारतात. एक धार तर थेट दारावर जाते. भोकांभोवती पांढरा, नखाने न निघणारा थर आहे.

आधी सुई घेऊन एकेक भोक टोचत बसले. मग प्लास्टिकच्या पिशवीत व्हिनेगर आणि बेकिंग सोडा घालून ती शॉवरला रबरबँडने बांधली आणि रात्रभर ठेवली. फेस इतका आला की फार समाधान वाटलं. चार-पाच आठवड्यांत परत तेच. गेल्या रविवारी पुन्हा केलं, या वेळी सोडा संपला होता म्हणून नुसतं व्हिनेगर. धारा बऱ्याचशा सरळ झाल्या, पण जोर काही आला नाही.

शिवाय बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटं टपटप चालू असते. नवीनच आणावा का? की कशाने तरी साफ होईल?

पाना_पक्कड

नवीन आणू नका, निदान आज तरी. आधी शॉवर काढून ठेवा आणि नुसत्या पाइपातून पाणी सोडून बघा. धो धो आलं तर दोष शॉवरमध्ये, नाही आलं तर मागे कुठेतरी. गार आणि गरम वेगवेगळं सोडून बघा, हे महत्त्वाचं. बहुतेक लोक दोन्ही एकत्र सोडूनच अंघोळ करतात, त्यामुळे नेमकं काय कमी झालंय ते कळतच नाही.

काढताना पान्ह्याखाली फडकं घ्या, नाहीतर मुलाम्यावर दात उमटतात. आणि दुसऱ्या हाताने भिंतीतला पाइप घट्ट धरा. शॉवरऐवजी पाइपच फिरला तर भिंतीतला जोड सैल होतो आणि मग काम शॉवरचं राहत नाही, फरशी फोडण्याचं होतं.

शॉवर निघाला की मागच्या तोंडात डोकवा. रबरी वॉशर आणि त्याला लागून छोटी जाळी असते. तीनेक वर्षांत ती कुणी बघितली नसेल तर निम्मी गोष्ट तिथेच सापडेल. पिशवी बांधून व्हिनेगर तोंडाकडून लागतं, जाळीपर्यंत धड पोचतही नाही.

दुष्फेन

नाव बघून ओळखलंच असेल, हा माझा विषय. शाळेत 'दुष्फेन पाणी' (साबणाला फेस न येणारं जड पाणी) पाठ केलेलं आयुष्यात एकदाच उपयोगी पडतं, ते अशा धाग्यावर.

तुमचा पांढरा थर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, थोडं मॅग्नेशियम. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारं कार्बोनेट खाली बसतं. शॉवरच्या तोंडाशी तर प्रत्येक थेंब वाळतो आणि आपला वाटा मागे ठेवून जातो. लिटरमागे १८० मिलिग्रॅमच्या वर काठिण्य असेल तर ते पाणी फारच जड समजतात. अशा ठिकाणी दर दोन-तीन महिन्यांनी सफाई करावीच लागते.

आता बेकिंग सोड्याबद्दल. व्हिनेगर आम्ल, सोडा अल्कधर्मी. दोघं एकमेकांना मारतात आणि मागे जवळपास नुसतं सोडियम ॲसिटेट नावाच्या लवणाचं पाणी उरतं. फेस दिसतो तो त्या भांडणाचा. थर काढायला आम्ल हवं, आणि ते तुम्ही स्वतःच संपवून टाकलंत. दुसऱ्या वेळी धारा सरळ झाल्या त्या सोडा संपल्यामुळेच!

सायट्रिक आम्लाची पूड मिळाली तर ती वापरा. लिटरभर कोमट पाण्यात तीन मोठे चमचे. वास नाही आणि काम व्हिनेगरपेक्षा वेगाने होतं. पाणी उकळतं नको, कारण गरम पाण्यात कॅल्शियम सायट्रेटचाच नवा थर बसू शकतो.

गडबडगुंडा

एवढं कशाला? संडास धुवायचं ॲसिड ओता, दोन मिनिटांत लखलखीत. मी तर नेहमी करतो.

पाना_पक्कड

@गडबडगुंडा, तुमच्या शॉवरचा फोटो टाका बघू. हायड्रोक्लोरिक ॲसिड क्रोम खातं. आधी काळपट डाग, मग मुलामा सुटतो आणि खालचं पितळ दिसायला लागतं. आणि त्याच बाथरूममध्ये कुणी आधी ब्लीच टाकलं असेल तर क्लोरीन वायू तयार होतो, बंद जागेत तो जिवावर बेतू शकतो. व्हिनेगरही ब्लीचबरोबर नको, हे जाता जाता.

मुंगीताई, व्हिनेगरसुद्धा रात्रभर ठेवू नका. क्रोमला अर्धा ते एक तास पुरे. सोनेरी किंवा पितळी रंगाचा असता तर त्याहूनही कमी. आणि ती सुई फेकून द्या. तोंडावरची टोकं सिलिकॉनची आहेत. ती मऊ केलेली असतात ती अंगठ्याने चोळल्यावर खपली सुटावी म्हणून. सुईने एकदा चीर गेली की ती धार कायमची तिरकी. दारावर जाणारी बहुधा तीच असेल.

निवांत

टपटपीचं सांगते. शॉवरच्या पोटात थोडं पाणी उरतंच, ते हळूहळू गळतं. दहा-पंधरा मिनिटांत थांबत असेल तर सोडून द्या. तासन् तास चालू राहिलं तर शॉवर नव्हे, खालच्या कॉकचा वॉशर किंवा मिक्सरच्या (गार-गरम मिसळणाऱ्या नळाच्या) आतली, पाणी चालू-बंद करणारी कार्ट्रिज गेली समजा. शॉवर जरा तिरका केला तर लवकर निथळतो.

आळशी_मुंगी

पाना_पक्कड, तुम्ही ज्योतिषी आहात का?

शॉवर काढला. जाळी होती, मला तीन वर्षांत पत्ता नव्हता. तिच्यावर बोटाच्या पेराएवढा पांढऱ्या कणांचा ढीग! काही चपटे, टवके उडाल्यासारखे. दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ केली.

मग नुसत्या पाइपातून पाणी सोडलं. गार धो धो. गरम मात्र करंगळीएवढी धार. मी नेहमी दोन्ही सोडते, म्हणून कधी लक्षातच आलं नाही.

दुष्फेन

ते कण फेकले नसतील तर वाटीत घेऊन वर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले आणि विरघळले तर क्षार. काहीच झालं नाही तर प्लास्टिक किंवा आट्यांवर गुंडाळायच्या जुन्या टेपचे तुकडे.

पाना_पक्कड

आणि बाथरूमच्या बेसिनला गरम पाण्याचा नळ असेल तर तोही सोडून बघा. तिथे जोरात असेल तर शॉवरच्या मिक्सरची गरम बाजू अडकली आहे. तिथेही बारीक असेल तर गीझर.

आळशी_मुंगी

बुडबुडे आले. वाटीभर फसफस. बेसिनलाही गरम बारीकच.

म्हणजे इतके दिवस मी शॉवरला शिव्या घालत होते आणि गुन्हेगार भिंतीवर वर बसला होता?

पाना_पक्कड

दोघंही. तोंडाचा थर शॉवरचा स्वतःचा, जाळीतला ढीग गीझरचा. आत तापणाऱ्या कॉइलवर क्षार जमतो, कॉइल गरम-गार होत राहते तसे त्याचे टवके सुटतात आणि पाण्याबरोबर निघतात. म्हणून तुमची सफाई महिनाभरच टिकली. गीझर उघडून साफ करायला माणूस बोलवा, स्वतः नको. मॅग्नेशियमचा रॉडही बघायला सांगा. टाकी गंजू नये म्हणून तो स्वतः झिजत असतो, संपला असेल तर बदलावा लागतो. येणाऱ्याला आधी मेन स्विच बंद करायला लावा, गीझरचं बटण नुसतं बंद करून भागत नाही.

गडबडगुंडा

मग गीझर ४० अंशांवरच ठेवायचा, क्षारच धरणार नाही. (ॲसिडचं मागे घेतो.)

दुष्फेन

अर्धं बरोबर. ६० च्या वर गेलं की क्षार भराभर बसतो, हे खरं. पण टाकीत कायम ४० ठेवणं हा त्याहून वाईट उपाय. लिजिओनेला नावाचा न्यूमोनिया करणारा जीवाणू २० ते ४५ अंशांत मजेत वाढतो आणि शॉवरच्या बारीक तुषारांतून थेट फुप्फुसात जाऊ शकतो. साठवलेलं पाणी ६० च्या आसपास ठेवा आणि अंगावर घेताना गार मिसळा. गावाहून आठवड्याने परत आलात तर शॉवर काही मिनिटं सोडून द्या, आणि तेवढा वेळ त्याखाली उभे राहू नका. आतला जीवाणूंचा बुळबुळीत थर क्षाराच्या आधाराने वाढतो, त्यामुळे ही सफाई नुसत्या दिसण्यापुरती नाही.

आणि शॉवरला लावायचा छोटा फिल्टर घेऊ नका. गाळ अडवेल, पण पाणी मऊ करणार नाही. त्यासाठी कॅल्शियमच्या जागी सोडियम देणारा सॉफ्टनर लागतो आणि तो पाइपलाइनवर बसवतात.

आळशी_मुंगी

गीझर साफ करून घेतला. कॉइल ओळखू येत नव्हती, पांढऱ्या पोवळ्यासारखी झाली होती. बादलीभर चिखल निघाला आतून. रॉडची नुसती तार उरली होती, बदलला. शॉवर तासभर सायट्रिकमध्ये बुडवला, अंगठ्याने चोळला, जाळी परत घातली. गरम पाणी आता अंगाला लागतं! दारावरची धार मात्र तशीच आहे. ती सुईची, मान्य.

एकच अडचण. आट्यांवर टेप गुंडाळून बसवला, तर मागून बारीक गळतंय. घट्ट करायला जावं तर टेपची गुंडाळीच बाहेर येते.

पाना_पक्कड

टेप उलटा गुंडाळलाय. पाइपचं तोंड तुमच्याकडे करून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, तीन-चार वेढे. आतला वॉशर सरळ बसलाय ना तेही बघा, गळती खरी तोच थांबवतो. आणि हातानेच घट्ट करा, पाना शेवटी फार तर पाव फेरा.

आळशी_मुंगी

वॉशर बेसिनवर पडलाय. परत काढते.