सातबारा न्यायचा की नाही? एफएसए अपॉइंटमेंट, गुरुवार

प्रेषक: संजय

मंडळी,

गुरुवारी सकाळी १० वाजता एफएसएच्या, म्हणजे शेतीला कर्ज देणाऱ्या सरकारी फार्म सर्व्हिस एजन्सीच्या, काउंटी ऑफिसात अपॉइंटमेंट मिळाली. तीच १२ एकरांची जागा, रूट ३१ च्या आतली, पिकनिकला आपण ओढ्याकाठी बसलो होतो ती. मालकीणबाई ४ लाख डॉलरला द्यायला तयार आहेत. डेव्हलपमेंटचे हक्क आधीच विकलेले आहेत, म्हणजे तिथे वसाहत होणार नाही, शेतीच करायची, म्हणून हा भाव, नाहीतर न्यू जर्सीत आपल्यासारख्यांना जमीन कुठली परवडायला! बिगिनिंग फार्मरच्या, म्हणजे नव्या शेतकऱ्याच्या, डाउन पेमेंट कर्जात आपले ५ टक्के म्हणजे २० हजार, एफएसएचे ४५ टक्के म्हणजे १ लाख ८० हजार, उरलेले २ लाख बँकेकडून. वैशालीने आणि मी हे तीनदा मांडून बघितलंय.

अडलंय ते एकाच ठिकाणी. कोरेगावच्या ५ एकरांच्या सातबाऱ्यावर माझं नाव आहे. आप्पा गेल्यावर २००९ साली वारसनोंद झाली. अट अशी आहे की शेती करायला लागून १० वर्षांपेक्षा जास्त झालेली नसावीत. आणि त्याच अर्जात शेती सांभाळल्याचा ३ वर्षांचा अनुभवही दाखवायचाय. मला जे येतं ते मी आप्पांच्या हाताखाली तिथेच शिकलो. दाखवला तर मी नवा शेतकरी राहत नाही, झाकला तर अनुभव जातो.

सातबारा न्यावा का? इंग्रजी भाषांतर लागतं का? बुधवार रात्रीपर्यंत कळवा.

संजय

प्रेषक: मिलिंद

अजिबात नेऊ नकोस. विचारतील तेवढंच सांगायचं. तिकडची जमीन तिकडे, इथला अर्ज इथे. सातबारा टेबलावर ठेवलास की तो माणूस २००९ चा आकडा बघणार आणि तुझी फाईल तिथेच बंद होणार. इतक्या वर्षांनी अशी जागा निघालीय, हातची घालवू नकोस.

प्रेषक: नंदाताई

मिलिंद, तू प्रेमाने सांगतोयस हे कळतं, पण हा सल्ला देऊ नकोस. त्या अर्जावर जिथे सही करायची असते तिथेच लिहिलेलं असतं की खोटी माहिती दिली तर तो गुन्हा. सरकारी पैशाच्या कागदावर काही झाकून ठेवायचं आणि पुढची २० वर्षं हप्ते भरताना ते मनात बाळगायचं, हे संजयला जमणारं नाही, आणि जमूही नये. संजय, जमीन आहे हे सांग. आप्पांची जमीन आहे, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

प्रेषक: प्रकाशकाका

नंदाताईंशी पूर्ण सहमत. फक्त सातबाऱ्याबद्दल इथे पुष्कळांचा घोटाळा होतोय म्हणून लिहितो. माझी पहिली नऊ वर्षं महसूल खात्यात गेली.

गाव नमुना सात हा मालकी आणि हक्कांचा. गाव नमुना बारा हा पीकपाण्याचा. दोन्ही एकाच कागदावर येतात म्हणून सातबारा. संजयचं नाव आहे ते सातमध्ये, वारस म्हणून. त्याने एवढंच सिद्ध होतं की जमिनीत त्याचा हिस्सा आहे. घेवडा कोणी पेरला, खत कोणी आणलं, सोसायटीचं पीककर्ज कोणी उचललं, यातलं काहीही त्या नावावरून कळत नाही. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, शेतकरी स्वतः मोबाइलवर पिकाची नोंद करतो. संजय, तुमच्या रानात ती नोंद कोण करतं? चुलतभाऊ करत असेल तर जमीन तो कसतो हे उघड आहे.

दुसरं, आपल्यातल्या अनेकांनी सातबाऱ्यावरचं नाव का सोडलेलं नाही? महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा आधी शेतकरी असावा लागतो, हा कुळकायदा. एकदा नाव गेलं की शेतकरीपण गेलं. म्हणून माणसं वाट्याला गुंठाभर आली तरी नाव राखतात. माझंही आहे, मुरबाडला. मी तिथे ३१ वर्षांत नांगर धरलेला नाही.

प्रेषक: केतकी

प्रकाशकाका, हे वाचून मला माझ्या आजोळच्या जमिनीबद्दल विचारायचंय. आईचं नाव मामांनी हक्कसोड करून काढलं असं आता कळतंय. तुम्हाला वेगळी मेल करू का?

आणि संजयदादा, आम्हालाही पुढेमागे करायचंय. आम्ही अजून एच-१बीवर आहोत. चालतं का?

प्रेषक: प्रकाशकाका

केतकी, अवश्य कर. फेरफाराचा उतारा मागवून ठेव, नुसत्या सातबाऱ्यावर काही सांगता येणार नाही. कुठला तालुका?

प्रेषक: शिरीष (लिस्ट व्यवस्था)

सर्वांना विनंती. कर्ज, विमा आणि घरजागेचे विषय मंडळाच्या मेल-लिस्टवर नकोत असं गेल्या सर्वसाधारण सभेत ठरलं आहे. हा विषय मी थांबवत नाही, कारण संजय-वैशालीच्या भाजीवर मंडळातली ४० घरं अवलंबून आहेत. पण यातून कोणी एजंटांचे नंबर पाठवायला लागलं तर थांबवावं लागेल.

तसंच, उन्हाळी भाजीची नोंदणी फक्त भाजी समितीमार्फत होईल. काहींनी संजयला परस्पर मेथी आणि वालपापडी सांगितल्याचं कळलं. कृपया तसं करू नका. मागच्या वर्षी दोन याद्या झाल्या आणि भेंडी कोणालाच पुरली नाही.

एक सूचना. यूएसडीएचा, म्हणजे अमेरिकी कृषी खात्याचा, बिगिनिंग फार्मर अँड रँचर डेव्हलपमेंट प्रोग्रॅम आहे, त्यात अनुदान मिळतं, परत करायचं नसतं. मंडळाने त्यासाठी अर्ज करून संजयला जमीन का घेऊन देऊ नये? कार्यकारिणीत मांडायची माझी तयारी आहे.

प्रेषक: अश्विनी

सगळ्यांची उत्तरं एकत्र देते. आठ हंगाम झाले मला या ऑफिसांच्या पायऱ्या चढून.

शिरीष, तो कार्यक्रम जमीन घेण्यासाठी नाही. २००२ च्या फार्म बिलात, म्हणजे शेतीच्या केंद्रीय कायद्यात, तो आला, प्रत्यक्ष पैसे २००८ च्या बिलाने दिले. अनुदान संस्थांना मिळतं, विद्यापीठं किंवा विना-नफा संस्था, आणि ते नव्या शेतकऱ्यांना शिकवण्यासाठी, सल्ला-मार्गदर्शनासाठी. एकट्या शेतकऱ्याच्या हातात त्यातला डॉलर पडत नाही. कार्यकारिणीला करायचंच असेल तर आपल्या भाज्यांच्या लागवडीचे वर्ग रटगर्स विद्यापीठाच्या एक्स्टेंशनच्या, म्हणजे शेती-विस्तार विभागाच्या, मदतीने घ्या, मी शिकवायला येईन.

केतकी, एफएसएच्या थेट कर्जाला नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. एच-१बीवर नाही.

आता संजय. तू दोन गोष्टी एकमेकींत अडकवल्यास, त्या सोडवून बघ.

पहिली, १० वर्षांची. अटीतला शब्द 'ऑपरेट' आहे. शेत चालवणं. प्रकाशकाकांनी सांगितलं तेच, नाव असणं आणि चालवणं वेगळं. तू इथे आलास २००६ साली. त्यानंतर कोरेगावात काय पेरायचं हे तू कधी ठरवलंस का? नफातोटा तुझा होता का? उत्तर नाही असेल तर ते सरळ सांग, जमीन नावावर आहे हेही सांग, आणि निर्णय त्यांना करू दे. तुझ्या-माझ्या मताने ते ठरत नाही.

दुसरी, अनुभवाची. ही ३ वर्षं अर्जाच्या आधीच्या १० वर्षांतली लागतात! आप्पांच्या हाताखाली तू जे शिकलास ते २००६ च्या आधीचं. सोन्यासारखा अनुभव असला तरी या रकान्यात तो बसत नाही. म्हणजे ज्या कागदाची तुला इतकी काळजी आहे, तो अनुभवासाठी तुझ्या उपयोगाचाच नाही.

उपयोगाचं काय आहे? तू खंडाने घेतलेल्या ३ एकरांवर चार हंगाम काढलेस. शेड्यूल एफ, टॅक्स रिटर्नमधला शेतीच्या नफातोट्याचा फॉर्म, भरलास ना दरवर्षी? ती चार वर्षांची टॅक्स रिटर्न्स, खंडाचा करार, बियाण्याच्या पावत्या, भाजी समितीच्या याद्यासुद्धा. हा तुझा अनुभव. हे ने.

आणखी एक अट कोणी बोलत नाही म्हणून सांगते. स्वतःच्या मालकीचं शेत काउंटीतल्या सरासरी शेताच्या ३० टक्क्यांपेक्षा मोठं नसावं. २०१४ पर्यंत तिथे मध्यक (लहान-मोठी शेतं ओळीने मांडली तर मधोमध येणारं) धरत, आता सरासरी धरतात. न्यू जर्सीतलं सरासरी शेत साधारण ७० एकरांचं, त्याचे ३० टक्के म्हणजे २१. कोरेगावचे ५ उद्या कोणी मोजायचे म्हटले तरी तू पुष्कळ खाली आहेस.

शेजारच्या टेबलावर एनआरसीएसवाले, म्हणजे माती-पाणी जपण्याचं काम बघणाऱ्या सरकारी खात्याचे लोक, बसतात. त्यांची १० वर्षं सलग मोजलेली असतात, एफएसएच्या या कर्जाच्या व्याख्येत 'सलग' हा शब्द नाही. एका ठिकाणी ऐकलेलं दुसरीकडे लावू नकोस. नव्या शेतकऱ्याला त्यांच्या इक्विप या अनुदान योजनेत खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत मदत मिळू शकते, इतरांना ७५ पर्यंत, शिवाय सामान घ्यायला आगाऊ रक्कम मागता येते. पण करारावर सह्या होईपर्यंत एक खुंटीही ठोकू नकोस. मी ठोकली. हाय टनेलचा, म्हणजे प्लास्टिकने झाकलेल्या उंच सांगाड्याचा, अर्ज केला होता, एप्रिल निघून चालला होता, रोपं घरात वाढून पिवळी पडत होती. मी सामान आणून सांगाडा उभा केला. करार व्हायच्या आधी सुरू केलेल्या कामाला पैसे देता येत नाहीत, हा नियम माहितीपत्रकात होता आणि मी वाचला नव्हता. सगळा खर्च अंगावर आला. त्या वर्षी मी भांडवल म्हणून बांगड्या मोडल्या. हे मी लिस्टवर आधी कधी लिहिलं नव्हतं. संजयच्या बाबतीत तसं व्हायला नको.

प्रेषक: नंदाताई

अश्विनी, अगं बोलली नाहीस कधी. रविवारी घरी ये.

प्रेषक: मिलिंद

माझं आधीचं मागे घेतो. नंदाताईंचं बरोबर होतं.

मात्र खरी अडचण सातबारा नाही असं आता वाटतंय. एफएसए थेट कर्ज कोणाला देतं? ज्याला बाहेर वाजवी दराने पुरेसं कर्ज मिळत नाही त्यालाच. वैशालीची नोकरी चांगली आहे. बँकेने पूर्ण ३ लाख ८० हजार द्यायची तयारी दाखवली तर एफएसए म्हणेल, मग आमच्याकडे का आलात? संजय, बँकेशी बोललायस का, आणि काही लेखी आहे का?

दराचा फरक लहान नाही. डाउन पेमेंट कर्जाचा व्याजदर एफएसएच्या जमीन खरेदीच्या नेहमीच्या थेट कर्जापेक्षा ४ टक्क्यांनी कमी असतो, फक्त दीड टक्क्याच्या खाली जात नाही. मुदत २० वर्षं. १ लाख ८० हजारांवर याने किती फरक पडतो ते मी एक्सेलमध्ये काढून तुला वेगळं पाठवतो.

प्रेषक: प्रकाशकाका

अश्विनीने लिहिलेला मध्यक आणि सरासरीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. चार मोठी शेतं असली की सरासरी वर जाते, मध्यक जागेवर राहतो. म्हणजे २०१४ च्या बदलाने लहान शेतकऱ्याला मोकळीक वाढली. आमच्याकडे जमीन धारणेचे आकडे करताना हाच वाद व्हायचा.

प्रेषक: शिरीष (लिस्ट व्यवस्था)

अश्विनी, खुलाशाबद्दल आभार. वर्गांचं कार्यकारिणीत मांडतो. मात्र मंडळाच्या नावाने रटगर्सशी पत्रव्यवहार सचिवांमार्फतच व्हावा.

प्रेषक: संजय

मंडळी, आत्ताच ऑफिसातून आलो, गाडीतूनच लिहितोय.

सातबारा नेला होता. मराठीच, खाली वैशालीने इंग्रजीत चार ओळी लिहिल्या होत्या. बाई पन्नाशीच्या होत्या, स्वतः दुधाच्या शेतावर वाढलेल्या. मी सगळं सांगितलं. आप्पांचं, वारसनोंदीचं, चुलतभाऊ कसतो, मोबाइलवर पिकाची नोंद तो करतो, मला वर्षाला एक पोतं घेवडा येतो तेही. त्यांनी विचारलं, शेवटचं पीक तुम्ही स्वतः कधी ठरवलं? मी म्हटलं, २००५ च्या खरिपात. ते त्यांनी लिहून घेतलं. म्हणाल्या, ही माहिती फाईलला जोडते, राज्य ऑफिसला विचारून सांगते. हो किंवा नाही म्हणाल्या नाहीत.

शेड्यूल एफ चार वर्षांची दिली, खंडाचा करार दिला. याद्यांवर त्या थांबल्या. ४० घरं, आठवड्याचं वजन, सगळं शिरीषच्या अक्षरात. त्यांनी त्याच्या झेरॉक्स काढल्या. शिरीष, त्या याद्या तू जपून ठेवल्यास म्हणून आज माझ्याकडे दाखवायला काहीतरी होतं.

मिलिंद, तू म्हणालास तिथेच गाडी अडली. दोन बँकांकडून लेखी आणायला सांगितलंय. शेतजमिनीला कर्ज देणाऱ्या बँका इथे मोजक्या. एकीने फोनवर निम्म्यापेक्षा जास्त देणार नाही असं सांगितलंय, तेच कागदावर पाहिजे.

जाता जाता त्यांनी सीसीसी-८६० भरून घेतला. नव्या शेतकऱ्याचं स्वतःचं प्रमाणपत्र. पीकविमा नसलेल्या पिकांसाठी नॅप आहे, त्याची प्रत्येक पिकाला ३२५ डॉलरची फी त्यामुळे माफ होते. मेथी, वाल, कारली, पडवळ, मी एकेक नाव सांगत गेलो आणि त्या यादीत शोधत गेल्या. पडवळासाठी त्यांना फोन करावा लागला.

पुढची तारीख १७ मार्च. रोपं तोपर्यंत तळघरातच. खंडाच्या जागेची मुदत ३१ मार्चला संपते, ती एक महिना वाढवून मिळेल का ते आज संध्याकाळी मालकांना विचारतो. कोणाच्या गॅरेजमध्ये दिव्याची सोय आणि दोन टेबलांची जागा असेल तर कळवा, भेंडीचे ट्रे माझ्याकडे आता मावत नाहीत.

संजय

प्रेषक: केतकी

आमच्याकडे जागा आहे. शनिवारी घेऊन या.