बांधकाम खात्यातल्या अभियंत्याला माणसं सांभाळायला शिकवायचं कुणी आणि कधी?

घाटवाट (मूळ पोस्ट)

सार्वजनिक बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो आणि उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. काँक्रीटच्या ठोकळ्यांची चाचणी, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका हे सगळं मला कुणी ना कुणी हाताला धरून शिकवलं. माणसं कशी सांभाळायची, हे मात्र कुणीच शिकवलं नाही.

नोकरीच्या चौथ्या वर्षी, जुलैत, रात्री घाटात दरड आली. दोन्हीकडे एसट्या अडकल्या होत्या आणि एका जीपमध्ये बाळंतपणाला निघालेली बाई होती. माझ्या हाताशी दोन मैलकुली, म्हणजे रस्त्याची देखभाल करणारे मजूर, समोर शे-दीडशे चिडलेले लोक. धारक भिंतीचं डिझाइन मला येत होतं, पण पहिल्यांदा कुणाशी बोलायचं हेच कळेना. तालुक्याला निरोप धाडला आणि साहेबांच्या उत्तराची वाट बघत तासभर उभा राहिलो. शेवटी माझ्या म्हाताऱ्या मैलकुलीनं लोकांना मागे सारलं, गावातली चार पोरं गोळा केली आणि त्या बाईला डोलीत घालून जुन्या पायवाटेनं पलीकडे पोचवलं. त्याचं शिक्षण चौथी. त्या रात्री साइटचा साहेब तो होता, मी नव्हतो.

शाखेवरून उपविभागावर बढती झाली की काम मुळातच बदलतं. काल आपण मोजमाप घेत होतो, आज चार-पाच शाखा अभियंते, ठेकेदार, सरपंच, आमदार, वर्तमानपत्रवाले सगळे आपल्या तोंडाकडे बघत असतात. नाशिकला अभियंत्यांना प्रशिक्षण देणारी मेटा आहे, पुण्याला सरकारी अधिकाऱ्यांसाठी यशदा आहे. पण माझ्या पाहण्यातले बहुतेक जण तिथे हजेरी आणि प्रमाणपत्रासाठी गेले. माझी मागणी एवढीच: उपविभागाचा चार्ज देण्याआधी प्रत्येकाला एक अख्खा पावसाळा चांगल्या उपअभियंत्याच्या हाताखाली काढायला लावा. पटतंय का?

कृष्णाकाठ

नाही पटत, काका. मी अजून नोकरीत आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. आमच्यात नेतृत्व कमी नाही, अधिकार कमी आहेत. रस्ता रुंद करायचा तर भूसंपादन प्रांतांकडे, झाडं वनखात्याकडे, खांब महावितरणकडे, पाइपलाइन ग्रामपंचायतीकडे. उशीर झाला की बैठकीत उभं कोण राहतं? अभियंता. त्यात बदल्यांचा 2005 चा कायदा साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ सांगतो, पण मी दोन वर्षांच्या आत दोनदा सामान बांधलंय. उपविभागातली माणसं ओळखीची होईतो निघायची वेळ येते. नेतृत्व कुणावर करायचं?

घाटवाट

अधिकाराचं खरं आहे, नाकारत नाही. पण तमिळनाडूतला पांबनचा रेल्वेपूल आठवा. डिसेंबर 1964 च्या वादळात तो वाहून गेला. रेल्वेतले अभियंते ई. श्रीधरन तेव्हा 32 वर्षांचे होते. दुरुस्तीला महिने लागणार असं सगळे धरून चालले होते. त्यांनी मच्छीमारांच्या मदतीनं वाहून गेलेले गर्डर समुद्रातून शोधून काढले आणि 46 दिवसांत पूल उभा केला. मच्छीमारांचं ऐकून घ्यायला कुठल्या शासननिर्णयाची गरज लागली?

कृष्णाकाठ

तेच श्रीधरन पुढे कोकण रेल्वेत आले, तेव्हा काय होतं तेही सांगा ना. 1990 मध्ये त्या कामासाठी वेगळं महामंडळच काढलं. पैसा उभा करायची मुभा होती, आणि सुरुवात करणारा माणूस काम संपत येईपर्यंत तिथेच राहिला. महाडचा सावित्री पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री गेला आणि नवा पूल पुढच्या जूनमध्ये खुला झाला. तेच अभियंते, तेच खातं. सगळ्यांना घाई होती म्हणून परवानग्या अडल्या नाहीत. रस्त्याखालून पाणी जायला बांधतो त्या आमच्या मोरीच्या कामाला ती घाई कुणाला असते?

खडीवाट

मी ठेकेदार आहे, त्यामुळे माझं म्हणणं अर्धं वजा करून वाचलं तरी चालेल. पायाच्या खोदाईत अंदाजपत्रकात नसलेला खडक लागला की जादा बाबीचा, म्हणजे त्या वाढीव कामाचा, निर्णय हवा असतो. काही साहेब त्याच आठवड्यात साइटवर येतात, खडक बघतात, आदेश पुस्तिकेत लिहून देतात. काही जण महिनोन् महिने फाइल वर-खाली फिरवतात. अधिकार दोघांनाही सारखेच. फरक धाडसाचा म्हणावा, तर तेही नाही. पहिल्याला कारण नीट लिहिता येतं. दुसऱ्याला उद्याच्या ऑडिट पॅऱ्याची, म्हणजे हिशेब तपासणीतल्या आक्षेपाची, भीती असते, कारण आपण हे का केलं ते कागदावर कसं मांडायचं हेच त्याला येत नाही. माझी यंत्रं आणि मजूर तोवर बसून असतात.

कृष्णाकाठ

हा मुद्दा मला मान्य. माझ्या एका सहकाऱ्याची खाते चौकशी पाच वर्षं चालली. निर्णय बरोबरच होता, पण टिपणीत फक्त ‘समक्ष चर्चेनुसार’ एवढंच लिहिलेलं. चर्चा करणारे साहेब निवृत्त झाले. टिपणी लिहायला शिकवणारा वर्ग काढला तर मी पहिल्या बाकावर बसेन.

निळी छत्री

मी सहा वर्षं शाखेवर आहे. काकांची सूचना चांगली, पण ‘चांगला उपअभियंता’ म्हणजे कोण, हे आधी ठरवा. माझ्या पहिल्या वरिष्ठांची शिकवण होती: आवाज चढवल्याशिवाय साइट हलत नाही. माझा आवाज चढत नाही. सुरुवातीला मुकादम माझ्या देखत ठेकेदाराच्या माणसाला विचारायचा, ‘असं चालेल का?’ मग मी रोज सकाळी मालाच्या पहिल्या गाडीआधी साइटवर जायला लागले. डांबराचं तापमान स्वतः मोजायचे आणि गार झालेला माल परत पाठवायचे. महिन्याभरात प्रश्न माझ्याकडे यायला लागले. कृष्णाकाठ दादा, यात मला कुठलाही नवा अधिकार मिळाला नव्हता. आणि काका, एका पावसाळ्यात वाईट वरिष्ठ भेटला तर पोरं त्याचंच शिकतील. त्यापेक्षा हाताखालच्या लोकांना वर्षातून एकदा वरिष्ठाबद्दल लेखी मत देऊ द्या, नाव न लिहिता. आज गोपनीय अहवाल फक्त वरून खाली लिहिला जातो.

घाटवाट

ताई, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याबद्दल तसं मत कुणी लिहिलं असतं तर पहिली पाच वर्षं वाचवत नाहीत असं निघालं असतं. मी खूप ओरडलो माणसांवर. तरी पावसाळ्याची अट मी सोडत नाही. वर्गात दरड कोसळत नाही.

कृष्णाकाठ

काका, पावसाळा काढू द्या, पण नंतर त्याच माणसाला त्याच उपविभागात तीन वर्षं राहू द्या. ही अट घातलीत तर मी तुमच्या बाजूनं.

नवी मोरी

मागच्या महिन्यात कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झालोय, माझ्याकडे घाटातला 18 किलोमीटर रस्ता आहे. पावसाला पंधरा दिवस उरलेत. आधी काय करू?

घाटवाट

उद्या सकाळी गाडी न घेता अठराच्या अठरा किलोमीटर चाला. दोन दिवस लागले तरी चालतील. सोबत सगळ्यात जुना मैलकुली किंवा मुकादम घ्या. पाणी कुठून येतं, कुठली मोरी तुंबते, कुठला दगड गेल्या वर्षी हलला, त्याला विचारा आणि त्याच्यासमोर वहीत लिहा. जवळच्या जेसीबीवाल्याचा, पोलीस पाटलाचा, तहसीलच्या नियंत्रण कक्षाचा आणि रुग्णवाहिकेचा नंबर पहिल्या पानावर. पर्यायी पायवाटा कुठे आहेत तेही विचारून ठेवा, मी विचारल्या नव्हत्या.