बिल्डिंग २०१६ची, मोजणी २०११ची: प्रभागाची रेषा न्याय्य म्हणायची का?

पाथर्डीफाटेकर: २०२६च्या जानेवारीत नाशिक महापालिकेचं मतदान झालं, चार मतं देऊन आलो. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. प्रभागरचना झाली २०११च्या जनगणनेवर. त्या वेळी नाशिक महापालिकेची लोकसंख्या १४,८६,०५३, जागा १२२. म्हणजे एका जागेमागे साधारण १२,१८० माणसं, चार सदस्यांच्या प्रभागाला ४८,७००च्या आसपास. दहा टक्के कमी-जास्त चालतं. कागदावर सगळे सारखे. पण आमची बिल्डिंगच २०१६ची! मतदार यादीत मी आहे, २०११च्या मोजणीत मात्र इथे मोकळा प्लॉट होता. शहराच्या कडेला आडगाव, मखमलाबादकडे बघा, सोसायट्यांवर सोसायट्या. जुन्या नाशकात वाडे रिकामे होतायत आणि तिथल्या एका मताचं वजन वाढतंय.

भद्रकालीकर: वजन? या एकदा इकडे, दाखवतो वजन. अहो, नवी मोजणीच नाही तर रेषा हलवायची कशाच्या जोरावर? मतदार यादीच्या? त्यात दुबार नावांचा घोळ. शिवाय यादीत पोरंबाळं नसतात. अंबड-सातपूरच्या कारखान्यांतले कित्येक परप्रांतीय कामगार मत गावी जाऊन देतात, नळाचं पाणी मात्र इथलंच भरतात. त्यांना सोडून आखणी केलीत तर सिडको-सातपूरचा वाटा घटेल, म्हणजे तुमच्याच बाजूचा. जुनी का होईना, ती माणसांची मोजणी आहे. आणि विधानसभेचं काय? नाशिक मध्य, पूर्व, पश्चिम या मतदारसंघांची फोड २००८ची, तीही २००१च्या जनगणनेवर. त्यावर कधी धागा काढलात?

नाल्याशेजारी: तुम्ही दोघे आकड्यांत अडकलात. २००७ला एका वॉर्डाला एक नगरसेवक होता. २०१२ला दोन, २०१७ला चार. २०२२ला तीनचं ठरलं, तेही बारगळलं. सरकार बदललं की प्रभाग बदलतो. आमच्या मागचा नाला तुंबला तेव्हा एकाकडे गेलो, तो म्हणाला ते काम दुसऱ्यांकडे. दुसरे म्हणाले तिसऱ्यांना विचारा. चौथ्याचा फोन लागला नाही. शेवटी आम्हीच फावडं घेतलं. पन्नास हजार वस्तीत अपक्षाने घरोघर जायचं तरी कसं? चिन्ह बघून चारही बटणं एकाच ओळीत दाबली जातात. अन्याय झालाच असेल तर तो इथे.

जेलरोडची ताई: नाल्याशेजारी, एकच्या वॉर्डात वेगळं काय व्हायचं? वॉर्ड महिला राखीव झाला की सौभाग्यवती उभ्या आणि कारभार साहेबांचा. चारच्या प्रभागात निदान बाई, मागासवर्गीय, खुला असे सगळे एकाच वस्तीतून येतात. माझी तक्रार रेषेची आहे. नियमच सांगतो की नदी, नाला, मोठा रस्ता बघून सीमा घ्या, वस्ती फोडू नका. आमची कॉलनी मधोमध कापली. समोरच्या वहिनी दुसऱ्या प्रभागात. दिवा बंद पडला तर आधी खांब कुणाच्या बाजूला ते बघायचं! हरकत घेतली, सुनावणीला गेले, दोन मिनिटांत आटोपलं.

पाथर्डीफाटेकर: कामगारांचा मुद्दा मान्य, काका. मतदार यादीवर आखणी नकोच. पण मग नवी जनगणना, संदर्भ तारीख १ मार्च २०२७, तिचे आकडे आले की पुढच्या निवडणुकीची वाट न बघता रचना करा. विधानसभेची पुनर्रचनाही २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेवरच व्हायची आहे. ताई, तुमची कॉलनी कापली ती बहुधा आकडा दहा टक्क्यांत बसवायलाच, आणि तो आकडाही पंधरा वर्षांपूर्वीचा!

भद्रकालीकर: आमच्या वाड्यात २०११ला सहा बिऱ्हाडं मोजली होती. आता आम्ही दोघं आणि वर एक भाडेकरू. आकडे आले की माझा प्रभाग पसरणार, ठाऊक आहे मला. पसरू द्या. फक्त गोदावरी ओलांडून पंचवटीला जोडू नका म्हणजे झालं.