'बारावीचा पोरगाही करेल' म्हणे! हजार वॉटचा एसएमपीएस घरी बनवायला सांगणाऱ्या पोस्टबद्दल

तांब्याची_तार
गेले काही दिवस एक पोस्ट प्रत्येक ग्रुपवर फिरतेय. 'लोखंडी ट्रान्सफॉर्मर भंगारात द्या, दीड हजारात घरच्या घरी हजार वॉटचा एसएमपीएस बनवा, बारावीचा पोरगाही करेल.' (एसएमपीएस म्हणजे मेनची वीज वेगाने चालू-बंद करून हवे ते व्होल्ट देणारा हलका पॉवर सप्लाय.) सोबत हाताने काढलेली आकृती: एसीचं डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर, १००० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर सिरीजमध्ये, पल्स देणारी एसजी३५२५, मॉसफेटला चालवणारी आयआर२११०, दोन आयआरएफपी४६० मॉसफेट (वेगाने चालू-बंद होणारे स्विच) आणि ईटीडी४९ या फेराइट कोअरवर प्रायमरीचे (मेनकडच्या बाजूचे) बारा वेढे. खाली नुसता 'धन्यवाद सर'चा पाऊस.

मी ती आकृती नीट बघितली. फ्यूज नाही, एनटीसी (चालू करतानाचा करंटचा झटका अडवणारा) नाही, ब्लीडर (कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर) नाही. २३० व्होल्टचे रेक्टिफाय होऊन ३२५ होतात आणि प्लग काढल्यावरही ते तिथेच बसून राहतात. प्रत्येक कपॅसिटरवर २२० किलोओहमचा रेझिस्टर लावला तरी ६० व्होल्टच्या खाली यायला सहा मिनिटं लागतात. इथे तर रेझिस्टरच नाही. पोरगा प्लग काढेल, निवांत चहा पिऊन येईल आणि बोर्डाला हात लावेल.

आता बारा वेढे. दोन मॉसफेटच्या या जोडणीत, म्हणजे हाफ ब्रिजमध्ये, प्रायमरीला निम्मे, १६२ व्होल्ट मिळतात. ५० किलोहर्ट्झवर ईटीडी४९ मध्ये बारा वेढ्यांनी फ्लक्स (कोअरमधलं चुंबकत्व) उणे-अधिक ०.३२ टेस्लापर्यंत जातो. एन८७ (कोअरचं फेराइट) गरम झालं की ०.३९ च्या आसपास सॅच्युरेट होतं, आणखी चुंबकत्व घेत नाही. त्यात सॉफ्ट-स्टार्टच्या (पल्स हळूहळू रुंद करणाऱ्या) पिनवर कपॅसिटर नाही, म्हणजे पहिलाच पल्स पूर्ण रुंदीचा आला तर फ्लक्स शून्यापासून एकाच बाजूला ०.६४. मॉसफेट तिथेच फुटणार. किमान सव्वीस वेढे पाहिजेत.

माझं स्पष्ट मत: मेनवर चालणारा एवढ्या ताकदीचा एसएमपीएस हा नवशिक्याला सांगायचा उद्योग नाही. पॉवर हवी असेल तर सर्व्हरचा जुना सप्लाय घ्या, नाहीतर टोरॉइड, म्हणजे गोल कड्याचा लोखंडी ट्रान्सफॉर्मर.

फेराइटवाला
आकृती वाईट आहे, मान्य. पण त्यावरून 'घरी बनवूच नका' कुठून आलं? सर्व्हरचा सप्लाय १२ व्होल्ट देतो. माझ्या अ‍ॅम्प्लिफायरला अधिक-उणे ७० लागतात. सिरीजमध्ये जोडा म्हणाल, तर बहुतेक सर्व्हर सप्लायचा निगेटिव्ह आतून बॉडीला बांधलेला असतो. दोन जोडले की त्यातला एक शॉर्ट. हे स्वतः केलेल्या माणसालाच कळतं.

आणि टोरॉइड? गणपतीत ट्रॉलीवर अ‍ॅम्प चढवताना या एकदा हात द्यायला. दोन टोरॉइडवाला रॅक उचलायला चार पोरं लागतात.

लॅमिंग्टनचा_फेरफटका
सगळे वेढे मोजताय, मॉसफेट खरा आहे का ते कोणी बघतच नाही! बाजारात आयआरएफपी४६० म्हणून जे मिळतं त्यात निम्मा माल छाप पुसून परत छापलेला. एलसीआर मीटरवर (कपॅसिटन्स वगैरे मोजणाऱ्या) मॉसफेटच्या गेट आणि सोर्स या पायांमधला कपॅसिटन्स मोजा. डेटाशीटमध्ये ४२०० पिकोफॅरड आहे, तेही ड्रेनला २५ व्होल्ट असताना, म्हणजे मीटरवर त्याहून जास्त दिसायला हवं. माझ्या हातात आलेल्या लॉटमध्ये दोन हजारसुद्धा भरत नव्हतं. आत छोटा डाय (सिलिकॉनचा तुकडा), बाहेर मोठा डबा. दुकानदाराला दाखवलं तर म्हणे, 'साहेब, सगळे हेच नेतात.'

तांब्याची_तार
दादा, तो वेगळा धागा काढा. इथे मुद्दा जिवाचा आहे.

इचलची_वर्षा
जिवाचंच सांगते. माझं रिपेअरिंगचं दुकान आहे, जास्त करून वेल्डिंग इन्व्हर्टर येतात. गेल्या मोसमात एका मंडळाचा घरी बनवलेला एसएमपीएस आला. तक्रार 'माईक झटका देतो'. ट्रान्सफॉर्मर उकलला. प्रायमरी आणि सेकंडरीच्या (आउटपुटकडच्या वेढ्यांच्या) मधे पिवळ्या टेपचा एकच थर, तोही बॉबिनच्या कोपऱ्यावर तपकिरी होऊन चिरलेला. तार बाहेर आणली होती तिथे स्लीव्ह नाही. सेकंडरीचा ग्राउंड अर्थ केलेला नाही. म्हणजे मेनचा करंट सरळ माईकच्या जाळीवर. आरती म्हणणारा माणूस अनवाणी, ओल्या फरशीवर.

फेराइटवाले दादा, वजनाचं दुःख कळतं. पण टेपचे तीन थर, दोन्ही कडांना मार्जिन, बोर्डावर प्रायमरी-सेकंडरीत आठ मिलिमीटर अंतर, हे न करणाऱ्याने गर्दीत असली वस्तू लावू नये.

फेराइटवाला
ताई, तुमचं शंभर टक्के खरं. पण हे शिकायचं कुठे? कॉलेजात कन्व्हर्टरची सूत्रं लिहून घेतात, एकदा तरी कोअर हातात देऊन 'गुंडाळ' म्हणतात का? माझ्या वर्गात एकानेही स्वतः ट्रान्सफॉर्मर गुंडाळला नव्हता. ५० किलोहर्ट्झला तांब्यात करंट पृष्ठभागाखाली जेमतेम ०.३ मिलिमीटर जातो, म्हणून जाड एकेरी तार वाया आणि बारीक तारांचा पीळ लागतो, हे मला घरच्या टेबलावर कळलं. वेव्हफॉर्म स्कोपवर (ऑसिलोस्कोपवर) बघूनच माणूस शहाणा होतो.

तांब्याची_तार
स्कोपचा विषय काढलातच, तर त्या पोस्टमधला दुसरा फोटो बघा. स्कोपच्या प्लगची अर्थची पिन कापलेली आहे!

फेराइटवाला
सगळेच कापतात. नाहीतर प्रायमरीला प्रोबची अर्थची क्लिप लावली की भडका.

इचलची_वर्षा
'सगळेच कापतात' हे काय उत्तर झालं? क्लिप स्कोपच्या बॉडीला जोडलेली असते. पिन कापली की भडका होत नाही, पण आख्खा स्कोप लाइव्ह होतो. बीएनसीचं (प्रोब जोडायच्या सॉकेटचं) धातूचं तोंड, मागचा यूएसबी, सगळं. त्याला जोडलेला लॅपटॉपसुद्धा.

लॅमिंग्टनचा_फेरफटका
घरात आरसीसीबी (गळणारा करंट ओळखून वीज तोडणारा स्विच) असला की काय होतंय? ३० मिलिअँपला पडतो.

इचलची_वर्षा
दर वेळी नाही पडत, आणि ही समजूतच माणसं मारते. दोन हात कपॅसिटरच्या दोन टोकांना लागले तर जाणारा आणि येणारा करंट सारखाच, आरसीसीबीला फरक दिसणार कुठून? आणि साधा एसी टाइपचा आरसीसीबी रेक्टिफायरनंतरच्या करंटला पडेलच असं नाही. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच्या (मेनपासून वीज वेगळी करणाऱ्या) पुढे तर त्याचा संबंधच संपतो.

फेराइटवाला
मग करायचं काय? डिफरन्शियल प्रोबची (अर्थची क्लिप न लावता दोन टोकांतला फरक मोजणाऱ्या) किंमत बघितलीये का? माझ्या स्कोपएवढी आहे! तुम्ही दुकानवाले घ्याल, पगारात हौस करणाऱ्याने बघूच नये का?

इचलची_वर्षा
आवाज चढवू नका. मीही प्रोब नंतर घेतला. आधी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला. तो बोर्डाला लावायचा, स्कोपला नाही. स्कोपचं अर्थ शाबूत ठेवायचं. मग क्लिप एकाच ठिकाणी, एक हात खिशात. शिवाय सुरुवातीला सिरीजमध्ये शंभर वॉटचा बल्ब. बल्ब भगभगीत पेटला की समजायचं, आत काहीतरी शॉर्ट आहे.

तांब्याची_तार
वर्षाताईंनी सांगितलं त्यातलं एक अक्षरही त्या पोस्टमध्ये नाही. माझा राग त्यावर आहे. मी तिथे वेढ्यांचं गणित टाकलं, तर माझी कमेंटच उडवली.

फेराइटवाला
ठीक आहे, पिन कापायची नाही, हे घेतलं. माझी कापलेली आहे, ती उद्या बदलतो. पण तुम्हीही एक घ्या: 'करू नका' म्हटल्याने कोणी थांबत नाही, तीच आकृती बघून करतो. त्यापेक्षा बरी आकृती द्या.

तांब्याची_तार
एवढं पटलं. नाइलाजाने का होईना, पटलं. तुमची आकृती टाका, मी वेढे आणि डेड-टाइम (दोन्ही मॉसफेट बंद असण्याची वेळ) तपासतो, ताई इन्सुलेशन बघतील. पण सुरुवात हजार वॉटने नाही. दोनशे.

फेराइटवाला
दोनशेत अ‍ॅम्प चालत नाही. तीनशे. फ्यूज, एनटीसी, ब्लीडर सगळं धरून रविवारी टाकतो.

इचलची_वर्षा
ट्रान्सफॉर्मर उकललेला फोटोही टाका. थर मोजल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

लॅमिंग्टनचा_फेरफटका
आणि मॉसफेट कुठून घेतले तेही लिहा.